शेजारी टॉवर होतोय आणि आपली झोप उडालीय?

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत एक काळजी माझ्याकडे सारखी येतेय. "मॅडम, शेजारची बिल्डिंग पाडून अकरा मजली करतायत, आमचं घर अंधारात जाणार, रात्र रात्र झोप नाही." पुण्यात कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, सगळीकडून हेच. जुन्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक रिडेव्हलपमेंटला चालल्यात आणि शेजारचे बंगलेवाले, बहुतेक सगळे साठी-सत्तरीतले, हरकतींचे अर्ज लिहीत बसलेत. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काकू सत्तरीच्या, मुलीने बळेच पाठवलेल्या. हातात फाइल, त्यात महापालिकेला दिलेला अर्ज आणि अर्जात चौदा हरकती. पाणी पुरणार नाही, ड्रेनेज तुंबेल, बोअर आटेल, गल्लीत गाड्या मावणार नाहीत, गॅलरीतून लोक आत बघतील. त्यांनी एकेक वाचून दाखवली आणि वाचता वाचता आवाज चढत गेला. मी मध्ये बोलले नाही. सगळं वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "काकू, रात्री दोनला जाग येते तेव्हा यातली कुठली आठवते?"

त्यांनी फाइल मिटली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांची खोली."

काकांना फुफ्फुसाचा जुना आजार, ऑक्सिजनचं मशीन घरीच, आणि त्यांची खोली नेमकी कंपाउंडच्या भिंतीला लागून. पाडकामाची धूळ आत आली तर ह्या माणसाला घेऊन मी कुठे जाऊ, हा प्रश्न काकूंना खात होता. आणि चौदा हरकतींमध्ये काकांचा उल्लेखच नव्हता! मला हे पुन्हा पुन्हा दिसतं, अर्जात आपण तेच लिहितो जे लिहिण्यासारखं वाटतं, आणि जे खरं टोचत असतं ते घरातच राहतं.

पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट बाहेर आली. "इतक्या वर्षांचा शेजार, दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडे, आणि मला कळलं कुणाकडून तर दूधवाल्याकडून." हे सांगताना त्या रडल्या. चौदा हरकती वाचताना डोळ्यांत टिपूस नव्हता. मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाला मानणारी आहे, माणसाचं पूर्ण ऐकून घेतलं की पुढची वाट त्याची त्यालाच दिसायला लागते यावर माझा विश्वास आहे, आणि काकूंनी तो आणखी पक्का केला. कारण रडून झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "चेअरमनशी बोलायला हवं ना मी?"

बोलायच्या आधी आम्ही एक काम केलं, तुम्हीही करा. हरकतींचे दोन भाग केले, नियमाने सुटणाऱ्या आणि माणसांशी बोलून सुटणाऱ्या. उंची किती, बाजूला जागा किती सोडायची हे २०२० च्या बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर) ठरलेलं असतं आणि त्यात समोरच्या रस्त्याची रुंदी फार महत्त्वाची असते. प्रोजेक्ट महारेराला, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर त्याची माहिती वेबसाइटवर कुणालाही बघता येते, गल्लीतल्या गप्पांवर विसंबू नका. सुखाधिकाराच्या (म्हणजे शेजारच्या मिळकतीबाबत आपल्याला असलेल्या हक्कांच्या) १८८२ च्या कायद्यात वीस वर्षं निर्वेध मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क आहे, पण थोडं ऊन कमी झालं म्हणून काम थांबत नाही, राहणं खरोखर अवघड होतंय हे दाखवावं लागतं. त्यासाठी वकील गाठा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको. धूळ, आवाज, ट्रक कधी येणार, भिंतीला तडे गेले तर भरून कोण देणार, हे मात्र समोरासमोर बसूनच जमतं.

बैठकीला मीही बसले, दोन्ही बाजूंची तयारी होती म्हणून. चेअरमन म्हणाले, "काकू, तुम्ही अर्ज केलात म्हणून आम्ही लांब राहिलो." काकू म्हणाल्या, "तुम्ही लांब राहिलात म्हणूनच अर्ज केला." आणि मग त्यांनी हरकतींची फाइल तशीच पिशवीत ठेवून काकांचे रिपोर्ट टेबलावर ठेवले. बिल्डरचा साइट इंजिनिअर, तिशीतला मुलगा, त्याने ते उलटून बघितले आणि विचारलं, "कुठली खोली आजी?" आणि उठून बघायलाच गेला. खिडकीपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, काकांशी दोन शब्द बोलला, परत येऊन म्हणाला, "जनरेटर इकडे नको, तो पलीकडे घेऊ." कुणी मागितलंही नव्हतं! तो क्षण माझ्या कामातला फार मोलाचा आहे. कागदावरच्या हरकतदाराच्या जागी त्याला एक आजारी म्हातारा दिसला आणि पुढचं सगळं सोपं झालं.

ठरलं ते असं, त्या बाजूला उंच पत्रे आणि हिरवी जाळी, पाडताना सतत पाणी मारायचं, ती बाजू पाडायच्या आधी कळवायचं म्हणजे काका तेवढे दिवस लेकीकडे जातील, खोदाईच्या आधी काकूंच्या भिंतींचे फोटो काढून दोघांच्या सह्या. तक्रारीला एकच माणूस, एकच नंबर. सगळं लेखी घेतलं, तोंडी आश्वासन तुम्हीही कधी घेऊ नका.

मजले कमी झाले नाहीत. दुपारनंतरचं ऊन जाणार ते जाणारच, आणि त्याचं दुःख काकूंना आहे, त्यावर आम्ही नंतरही बोलत राहिलो. पण त्या आता झोपतात, आणि शेजारच्या वहिनींशी बोलणं सुरू झालंय.

जे स्वतः रिडेव्हलपमेंटला चाललेत त्यांनाही सांगते, बिल्डरचा बोर्ड लागायच्या आधी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन या, कमिटीतल्या दोघांनी तरी, नकाशा घेऊन. आणि त्या घरात कुणी आजारी, लहान बाळ, परीक्षेला बसलेलं मूल आहे का, ते आधी विचारा, मजल्यांचं नंतर बोला.