रत्नागिरी की शिमला? बदलीवर निघालेल्या एका जोडप्याचा प्रश्न

बदलीचा पर्याय कळवायला बँकेनं तीन आठवडे दिले होते. जोडपं परभणीचं. तो पन्नाशीचा, रक्तदाबाची गोळी चालू. तिला जुना दमा. मुलगी पुण्यात शिकते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जागा दोनच होत्या, रत्नागिरी किंवा शिमला. त्याचं जवळपास ठरलं होतं. "आम्ही परभणीचे. त्रेचाळीस डिग्री अंगावर काढलीय, तिथल्या तेहतीसनं काय होणाराय?"

मराठवाड्यातून किनाऱ्याकडं जाणारा जवळजवळ प्रत्येक जण हे म्हणतो आणि तिथंच फसतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यानं अंग थंड होतं. किनाऱ्यावर हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, त्यामुळं घाम वाळत नाही, नुसता वाहतो. पारा कमी असूनही जीव घाबरा होतो. आपला कूलर तिथं उलट त्रास देतो, कारण तो खोलीत आणखी ओल सोडतो. शरीराला अशा उकाड्याची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर दुपारची धावपळ टाळायची आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे दहा ते सहा एसीत बसतील. दिवसभर घरात मी राहणार." खरा प्रश्न हाच होता. हवामानाचा भार घरात राहणाऱ्यावर पडतो, आणि निर्णय घेताना नेमकं त्यालाच कुणी विचारत नाही. म्हणून पुढचं काम मी तिला दिलं. दोन्ही गावांतला सगळ्यात वाईट महिना घ्यायचा आणि स्वतःचा दिवस तासातासानं लिहून काढायचा. वर्षाची सरासरी बघून काहीच कळत नाही.

रत्नागिरीचा जुलै तिनं असा लिहिला: कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी, वर्षभराची ज्वारी भरून ठेवता येणार नाही. परभणीत वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत, तिथं एका पावसाळ्यात तीन हजारांच्या वर. उपाय आहेत. वरच्या मजल्यावर, आरपार वारा खेळेल असं घर बघायचं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ठेवायचं. धान्य दोन महिन्यांपुरतंच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं. पण दम्याच्या रुग्णाला बुरशी हा मोठाच धोका.

शिमल्याचा जानेवारी लिहिताना तिला कमी सुचलं. परभणीत पहाटे कडाका असला तरी अकरापर्यंत ऊन अंगाला लागतं. शिमल्यात दुपारीही पारा दहा-बाराच्या आसपास असतो आणि घर आतून गार राहतं. डिसेंबरात दिवस जेमतेम दहा तासांचा. नव्या गावात अंधार लवकर पडला की मन खचतं, म्हणून सकाळचं ऊन आणि रोजचं फिरणं औषधासारखं ठरवून ठेवायला हवं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यामुळं त्यानं घरी मोजणी करायची आणि गोळीचा डोस डॉक्टरांना विचारून ठेवायचा. दोन हजार वॅटच्या हीटरला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो, एक्स्टेन्शन बोर्ड वितळतो. चार तासांत आठ युनिट जळतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच पेटवायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो.

दिवस जुलैचेच होते. ती आठ दिवस रत्नागिरीत राहून आली, हॉटेलात न उतरता ओळखीच्यांच्या साध्या घरात. सोबत पीक फ्लो मीटर होतं, म्हणजे फुंकर किती जोरात बाहेर पडते ते मोजणारं छोटं यंत्र. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली गेला तर सावध व्हायचं. चौथ्या दिवसापासून तो आकडा खाली राहिला, रात्री खोकलाही सुरू झाला. जानेवारी चाखून बघणं शक्य नव्हतं. म्हणून तिनं बँकेच्या शिमला शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला फोन करून घराची दिशा, नळ गोठतात का, दवाखाना किती चढावर, हे सगळं विचारलं. त्यातून कळलं की जुलै-ऑगस्टमध्ये शिमल्यातही धुकं आणि ओल असते.

तरी तिनं शिमला निवडलं. दमट महिने तिथं दोन, रत्नागिरीत चार. डॉक्टरांनी रोजचा इनहेलर न चुकवता घ्यायला सांगितलं आणि बाहेर पडताना नाकातोंडावर मफलर गुंडाळायला. दक्षिणेकडं खिडक्या असलेलंच घर घ्यायचं, ही अट तिनंच घातली. जुलै-ऑगस्टचे ते दोन दमट महिने ती परभणीला येऊन राहणार. शिमल्याहून अंबाल्याला आलं की तिथून परभणीला सचखंड एक्स्प्रेस थेट आहे, फक्त आरक्षण वेळेत करायला हवं.