एलएलएम, टोकन, ट्रेनिंग, हॅल्युसिनेशन या एआयमधल्या शब्दांचा साध्या मराठीत अर्थ काय?

तुम्ही कॉमर्सचे, ऑफिसात रोज हे शब्द कानावर पडतात आणि हॅल्युसिनेशन म्हणजे मशीन खोटं बोलतं का, असं विचारलंय. मी संगणक शिकवतो. हे शब्द सुटे सुटे पाठ केले तर विसरायला होतात, म्हणून एका म्हणीला धरून सांगतो.

मी 'नाचता येईना' म्हटलं की तुमच्या मनात 'अंगण वाकडं' येतंच. त्याचा नियम कुणी शिकवला नव्हता, ऐकून ऐकून ते डोक्यात बसलं. लार्ज लँग्वेज मॉडेल, म्हणजे एलएलएम, मुळात हेच करतं. आधीचा मजकूर बघायचा, पुढे काय येण्याची शक्यता आहे ते काढायचं, तो तुकडा जोडायचा, की पुन्हा तेच. 'ऐकून ऐकून' जे झालं, ते ट्रेनिंग. मॉडेलपुढे अफाट मजकूर ठेवतात, पुढचा तुकडा ओळखायला लावतात आणि जितकं चुकेल त्या बेताने आतले आकडे किंचित बदलतात. हे आकडे म्हणजे पॅरामीटर. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ मध्ये ते १७,५०० कोटी होते. तुम्ही टाइप करता तो प्रश्न किंवा सूचना म्हणजे प्रॉम्प्ट.

एआय, म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स (कृत्रिम बुद्धिमत्ता), हे या सगळ्या घराण्याचं आडनाव. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी १९५५ च्या एका प्रस्तावात ते वापरलं. नियम लिहून न देता उदाहरणांवरून शिकवणं म्हणजे मशीन लर्निंग. त्यातलीच एक पद्धत डीप लर्निंग, म्हणजे आकडेमोडीचे अनेक थर एकावर एक रचून शिकवणं, आणि एलएलएम तिच्यातून आलं.

आता टोकन. मराठी माणसाने हा शब्द नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. वर मी 'तुकडा' म्हणालो, तो तुकडा म्हणजे टोकन. कधी अख्खा शब्द, कधी अर्धामुर्धा. जे अक्षरसमूह ट्रेनिंगच्या मजकुरात वारंवार येतात, त्यांचे मोठे तुकडे बनतात. इंग्रजी मजकूर भरपूर, मराठी त्या मानाने फार थोडा. त्यात यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट (साठवणीचं छोटं माप) घेतं: 'चहा' म्हणजे च, ह आणि काना, एकूण ९ बाइट. इंग्रजीतला 'tea' ३ बाइटांत मावतो. बऱ्याच मॉडेलांत टोकन हे बाइट जोडूनच बनतात. म्हणून तोच मजकूर मराठीत लिहिला की सहसा जास्त टोकन लागतात. पैसे टोकनवर मोजले जातात तिथे बिल वाढतं, आणि मॉडेल एका वेळी जेवढं समोर ठेवू शकतं ती मर्यादा, म्हणजे कॉन्टेक्स्ट विंडो, लवकर भरते.

हॅल्युसिनेशनचं विचाराल तर, माझ्या आजोळी बारवेवर एक झिजलेला शिलालेख आहे. त्यावरचं साल वाचता येत नाही. एका चॅटबॉटला विचारलं तर त्याने बेधडक एक शक सांगितला. नव्या चॅटमध्ये तेच विचारलं, तर दुसराच. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. इथे मॉडेलने फक्त अशा वाक्यात शोभेल असा आकडा जोडला होता. यालाच हॅल्युसिनेशन म्हणतात. म्हण कितीतरी वेळा लिहिली गेली आहे, आमच्या बारवेबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही.

तुम्हाला जीएसटीचा दर किंवा कायद्याचं कलम विचारायचं असेल, तर अधिसूचनेचा मजकूर प्रॉम्प्टमध्येच चिकटवा आणि त्यातूनच उत्तर द्यायला सांगा. तरी आलेला आकडा मूळ कागदावर बोट ठेवून एकदा बघा.