लेण्यातली गर्दी मिनिटांत मोज

अनेक आशीर्वाद.

अजिंठ्याला अभ्यागतांची व्यवस्था बघण्याच्या कामावर रुजू होणार असल्याचं कळवलंस, बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात वर्षाकाठी किती पर्यटक आले याचा तक्ता तुझ्यापुढे येईल. तो बघ आणि बाजूला ठेव. या घटकेला या एका लेण्यात किती माणसं आहेत आणि ती किती वेळ थांबली, हे त्यातून कळत नाही. तुझं काम मात्र नेमकं तिथेच आहे.

कारण गिलाव्यात आहे. रंग थेट कातळावर लावलेला नाही. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या बेसाल्टवर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर पांढरा पातळ हात, आणि मग डिंकासारख्या द्रव्यात कालवलेला गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, कुठे कुठे लाजवर्द या निळ्या दगडाची पूड. लोक सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात, पण हे ओल्या चुन्यावरचं काम नव्हे, त्यामुळे दमटपणा याला सोसत नाही. हवा दमट झाली की माती फुगते, कोरडी झाली की आकसते. कातळ मात्र जागचा हलत नाही. रोजच्या या ओढाताणीत गिलावा मागून सुटतो आणि आत पोकळी धरते. चित्र वरून धड दिसत राहतं, आणि एक दिवस तळहाताएवढा पोपडा खाली येतो. दोष त्या दिवसाच्या पाहुण्यांचा नसतो.

आता हिशेब. उभा माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो आणि श्वास-घामातून तासाला 50 ग्रॅमच्या आसपास पाणी. म्हणजे 40 माणसं 4 किलोवॅट उष्णता आणि तासाला दोनेक लिटर पाणी हवेत सोडतात. उन्हातून चढून आलेली असतील तर याहून जास्त. लेण्याला उजेड-वारा येतो तो पुढच्याच बाजूने, आरपार झुळूक नाही. पंखे बसवण्याची सूचना कोणीतरी हमखास करेल, ऐकू नकोस. पंख्याने धूळ उडून रंगावर बसते आणि पृष्ठभाग एकदम सुकतो. धक्का तोच, दिशा फक्त उलटी.

चित्रांची मुख्य लेणी चार: 1, 2, 16 आणि 17. तिथे एका वेळी 40 माणसांची मर्यादा आहे, ती दारावर खरोखर पाळ. प्रत्येक तुकडीला 15 मिनिटं आणि मध्ये 5 मिनिटं लेणं रिकामं, असं धरलं तर तासाला तीन तुकड्या, 120 माणसं. आठ तासांत 960. दिवाळीच्या सुट्टीत वरून कितीही दबाव आला तरी ती मधली 5 मिनिटं खाऊ देऊ नकोस. पहारेकऱ्याकडे दोन मोजणी-क्लिकर असू देत, आत जाणाऱ्यांचा एक, बाहेर येणाऱ्यांचा एक. अंदाजाने मोजलेले 40 बघता बघता 55 होतात.

गर्दी एकसारखी येत नाही. संभाजीनगरहून सकाळी निघालेल्या गाड्या शंभर किलोमीटर कापून साडेदहा-अकराला एकदम टेकतात, आणि पायथ्यापासून पहिलं लागतं ते लेणं 1. सगळा लोंढा तिथल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे. यावर तुझ्या हातात दोन नळ आहेत. पहिला फर्दापूरचा टी-पॉइंट. खासगी गाड्या तिथेच थांबतात आणि पुढचे 4 किलोमीटर बसने जावं लागतं. लेण्यांवरून फोन आला की पुढची बस दहा मिनिटं तिथेच रोखायची. टी-पॉइंटला रोखलेला माणूस चहा पितो, दुकानं बघतो. लेण्याच्या पायरीवर रोखलेला भांडतो. दुसरा नळ म्हणजे क्रम. दर दुसऱ्या गटाला आधी लेणं 26 कडे पाठव. महापरिनिर्वाणाची, म्हणजे पहुडलेल्या बुद्धाची, सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती बघून लोक परततील तोवर 1 आणि 2 मोकळी झालेली असतात. मंगळवारी विशेष लक्ष ठेव: वेरूळ त्या दिवशी बंद असतं, त्यामुळे तिथे जाणारेही तुझ्याकडे वळतात.

गाइड मंडळींशी गोड बोलून एक गोष्ट ठरवून घे. कथा ओसरीवर, छापील चित्र हातात धरून सांगायची. आत फक्त बोट दाखवायचं, तेही लांबून. सतराव्या लेण्यातली सिंहल अवदानाची, म्हणजे सिंहल व्यापाऱ्याची कथा आत उभं राहून सांगितली तर पंधरा मिनिटं तिथेच जातात. ओसरीवरच्या तीन-चार मिनिटांत डोळेही अंधाराला सरावतात, मग ‘दिवे वाढवा’ची ओरड कमी होते. चित्रं काळवंडलेली दिसतात ती बऱ्याच ठिकाणी उजेड कमी म्हणून नव्हे. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं रोगण दिलं, ते पिवळं पडलं. त्याखाली काजळी आणि वटवाघळांची घाण. दिवे वाढवून यातलं काहीच जात नाही, उष्णता तेवढी वाढते.

पाठीवरच्या पिशव्या बाहेर ठेवायला लाव. हाताने भिंत शिवू नये हे लोकांना कळतं. वळताना पिशवी रंगवलेल्या खांबाला घासते हे कळत नाही. पादत्राणं बाहेर हवीतच, कारण तळव्याला चिकटून येणारी बारीक खर पायाखाली दळली जाते आणि उडून भिंतीवर बसते. पावसाळ्यात छत्र्या आणि ओले रेनकोटही ओसरीबाहेर.

चीनमधल्या मोगाओ लेण्यांचा दिवसाला 6000 पर्यटकांचा आकडा किंवा फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा 1963 मध्ये लोकांसाठी कायमची बंद केल्याचा दाखला बैठकीत कोणी देईल. मोगाओ वाळवंटात आहे, तुझ्या दरीत वाघूर नदी धबधब्याने कोसळते. त्यांचा आकडा आपल्याला लागू नाही. त्यांची पद्धत घ्यावी, आधी चित्रफीत दाखवून मग थोडीच लेणी दाखवण्याची.

स्वतःचा आकडा स्वतःच काढ. तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड नोंदवणारी यंत्रं एकेका लेण्यात तीन ठिकाणी ठेव: दाराजवळ, मंडपाच्या मध्यावर, गर्भगृहापाशी. सगळ्यात उशिरा सावरतं ते गर्भगृह, म्हणून निर्णय तिथल्या नोंदीवरून घ्यायचा. सोमवारी अजिंठा बंद असतो, ही तुझी आयती तुलना. सोमवारचा आलेख आणि रविवारचा आलेख एकमेकांवर ठेव. रविवारची आर्द्रता सोमवारच्या पातळीला पहाटेपर्यंत येत नसेल तर तुकडी 30 वर आण. यंत्रांचे सेल मेअखेर बदलून टाक. जून-जुलैच्या नोंदी हुकल्या तर त्यांच्यासाठी पुढचा पावसाळा उजाडावा लागतो.