फिनलंडच्या १९१८च्या युद्धाला 'यादवी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: फिनलंडमधल्या १९१८च्या युद्धावर मराठीत लिहिताना 'यादवी' लिहावं की 'गृहयुद्ध'? फिनिश मजकुरात त्याला चार-पाच नावं आढळतात. ती सगळी एकाच मराठी शब्दात घातली तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. कोण कोणतं नाव घेतो यावरून त्याचं घर कुठल्या बाजूचं, हे तिथे कित्येक वर्षं ओळखू येत असे.

युद्ध जेमतेम साडेतीन महिन्यांचं, जानेवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत. 'लाल' बाजूला दक्षिणेतले कारखान्यांतले कामगार, शेतमजूर आणि 'तोरप्पारी', म्हणजे आपल्याकडे ज्यांना कुळं म्हणतात ते. 'पांढऱ्या' बाजूला सिनेट (म्हणजे तेव्हाचं सरकार), जमीनवाले शेतकरी, मध्यमवर्ग. त्यांचं ठाणं पश्चिम किनाऱ्यावरचं वासा. शेवटी जर्मन फौजाही त्यांच्या मदतीला उतरल्या. सुमारे ३१ लाख वस्तीच्या देशात ३६ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक लढताना मेली नाहीत. कुणाला पकडून गोळ्या घातल्या, आणि १२ हजारांवर लाल कैदी बंदिछावण्यांत उपासमारीने आणि रोगाने गेले.

जिंकलेल्यांनी याला 'वापाउससोता' म्हटलं, म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध. फिनलंड नुकताच रशियापासून वेगळा झाला होता आणि रशियन सैन्य अजून देशात होतं, तेव्हा लढा रशियाशी आणि लाल हे फितूर, असा त्याचा रोख. नाहीतर नुसतं 'कापिना', बंड. कामगारांच्या बाजूने 'लुओक्कासोता', वर्गयुद्ध. पुढे मवाळ सूर म्हणून 'कान्सालाइससोता' आलं, नागरिकांचं आपसातलं युद्ध. आज इतिहासकार बहुधा 'सिसॅल्लिससोता' वापरतात, अंतर्गत युद्ध. त्यासाठी 'गृहयुद्ध' अगदी नेमका आहे.

मग यादवी? महाभारताच्या मौसलपर्वातल्या यादवांमध्ये मालक आणि कूळ नाहीत. मद्याची झिंग, जुनी उणीदुणी, वर शाप. सगळे सारखेच दोषी, सगळ्यांचाच नाश. फिनलंडमध्ये एक बाजू स्पष्ट जिंकली आणि तिनेच पुतळे उभारले. कामगारांच्या तांपेरे शहरात १९२१ साली 'स्वातंत्र्याचा पुतळा' बसला, तेव्हा ज्यांची माणसं तिथेच मारली गेली होती त्यांना तो रोज बघावा लागला. (शिल्पकार विक्तोर यान्सन, मुलांसाठी मूमिनकथा लिहिणाऱ्या तूवे यान्सनचे वडील.) म्हणून 'यादवी' मी फक्त 'वेल्येससोता' या शब्दासाठी राखून ठेवीन. त्याचा अर्थच भावाभावांचं युद्ध.

समाज किती उभा चिरला गेला याचं उत्तम उदाहरण खेळात सापडतं. कामगारांचे क्लब मुख्य क्रीडासंघातून काढले गेले आणि १९१९मध्ये त्यांनी आपला वेगळा संघ काढला. सहकारी दुकानांतली फूट युद्धाच्या थोडी आधीची, पण नंतर कोण कुठून किराणा घेतो हीसुद्धा पक्षाची खूण झाली. कुळांना मात्र १९१८च्याच ऑक्टोबरात जमीन विकत घेण्याचा कायदा मिळाला. हरलेल्यांची एक मोठी मागणी जिंकलेल्यांनी पुरी केली, हे मला या कहाणीतलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

नावं बदलायला वेळ लागला. सोशल डेमोक्रॅट, म्हणजे कामगारांच्या पक्षाचे, पंतप्रधान व्हॅइनो तान्नेर यांनी १९२७मध्ये, राष्ट्राध्यक्ष आजारी असताना, पांढऱ्यांच्या विजयदिनाच्या संचलनाची मानवंदना घेतली. रशियाशी झालेल्या हिवाळी युद्धानंतर, १९४०मध्ये, तो दिवस सगळ्याच मृतांच्या स्मरणाचा झाला.

आता शिव्यांचं. लाल लोक पांढऱ्यांना 'लाहतारी' म्हणत, म्हणजे जनावरं कापणारा. इथे 'खाटीक' नको, ते जातीचं आणि धंद्याचं नाव आहे. 'कसाई'मध्ये हवी ती चीड येते. उलट बाजूची शिवी 'पुनिक्की', ही लाल या अर्थाच्या 'पुना'वरून आली. तिला 'लाल्या' म्हटलं तर फारच लाडिक होतं. ती मी तशीच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे खुलासा करीन.