शब्द येतात, पण उतारा चुकतो

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चीनमध्ये सुझोउला राहतो. शेजारची मुलगी अकरावीत आहे. रविवारी ती इंग्रजीचे उतारे घेऊन माझ्याकडे येते. शब्द तिला भरपूर येतात, प्रत्येक शब्दावर चिनी अर्थ लिहून ठेवते, तरी शेवटच्या दोन उताऱ्यांचे निम्मे प्रश्न चुकतात. मी काही शिक्षिका नाही. तिला मदत कशी करू?

उत्तर : आधी तिला हातातली पेन्सिल खाली ठेवायला सांगा. मी चीनमध्ये हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे, तेव्हा असे चिनी अक्षरांनी भरलेले कागद सारखे समोर यायचे. मुलं मेहनती असतात, रात्री उशिरापर्यंत शाळेतच अभ्यासाला बसतात. पण शब्दाशब्दावर थांबलं की वाक्य हातातून सुटतं.

चिनी भाषेत वर्णन आधी आणि नाम नंतर. आपलंही तसंच आहे : ‘शहरात शिकून आलेल्या मुलींनी सुरू केलेलं वाचनालय’. इंग्रजीत वाचनालय आधी येतं. ते कोणी सुरू केलं, त्या मुली कुठे शिकल्या, हे सगळं मागून. म्हणून लांब वाक्य आलं की तिला एवढंच विचारा : कोण? आणि त्याने काय केलं? उरलेलं कंसात टाकू दे, मग एकेक कंस उघडा. ही अडचण तुम्हाला मराठीमुळे चटकन कळेल, तेव्हा शिक्षिका नसल्याचा संकोच सोडा.

आता पर्यायांबद्दल. गाओकाओ म्हणजे बारावीनंतरची चीनमधली कॉलेज-प्रवेश परीक्षा. तिच्या १५० गुणांच्या इंग्रजी पेपरात वाचनाचे २० प्रश्न असतात, प्रत्येकी अडीच गुणांचे. म्हणजे ५० गुण इथेच. पहिला उतारा बहुधा सूचना किंवा माहितीपत्रकासारखा, त्यावर वेळ घालवू नये. खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्याची. समजा, उताऱ्यात लिहिलंय की नव्या बियाण्याने एका गावात, चांगल्या पावसाच्या वर्षी जास्त पीक दिलं. पर्याय म्हणतो, ‘नवं बियाणं जास्त पीक देतं’. शब्द सगळे उताऱ्यातलेच, म्हणून मूल भुलतं. गाव आणि पाऊस मात्र गळून गेलेत. बरोबर उत्तर पुष्कळदा वेगळ्याच शब्दांत दिलेलं असतं. तिने उत्तर सांगितलं की बरोबर-चूक सांगू नका. ‘कुठल्या ओळीवरून?’ एवढंच विचारा. ओळीवर बोट ठेवता आलं नाही, तर उत्तर बरोबर आलं असलं तरी तो प्रश्न पुन्हा करायचा.

सात वाक्यांतून पाच निवडून गाळलेल्या जागा भरायचा प्रश्न असतो, त्यात रिकाम्या जागेच्या मागचं आणि पुढचं वाक्य मोठ्याने वाचायला लावा. ‘ते’, ‘असा’, ‘मात्र’ अशा शब्दांचे इंग्रजी भाऊबंद तिथे वाट दाखवतात.

एका रविवारी दोन उतारे पुरे. पहिला घड्याळ लावून, साधारण आठ मिनिटांत. दुसरा निवांत, प्रत्येक चुकीच्या पर्यायात नेमकं काय खोटं आहे ते तिच्याच तोंडून ऐकत. हे तिने चिनीत सांगितलं तरी चालेल. आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे खरे पेपर आत्ताच संपवू नका. ते बारावीसाठी राखून ठेवा.