ठिबकच्या आधी ताळेबंद

प्रिय,

पारनेर तालुक्यात हवामान बदलाच्या प्रकल्पावर तुझी नेमणूक झाली, बरं वाटलं. सुरुवात ठिबकने करू, शेततळ्यांनी की नव्या वाणांनी, असं तू विचारलंस. यातलं काहीही वाटण्याआधी गावात तोंडी काय ठरलेलं आहे ते बघ. विहिरीचं पाणी कुणी किती उपसायचं, कुणाच्या रानात मेंढ्या कधी बसवायच्या, हे सगळं. पाऊस बिघडला की आधी तेच मोडतं.

धनगरांचंच घे. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे कळपासकट एकत्र फिरणारी कुटुंबं, घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसतात. शेतकऱ्याला लेंडीखत, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. परतीचा पाऊस लांबला की भात उभाच राहतो आणि वाडा वर घाटमाथ्यावर खोळंबतो. मग मधल्या गावांत चाऱ्यावरून कुरबुरी. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला तर अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे-नगर पट्ट्यात उघड्यावरच्या शेकडो मेंढ्या दगावल्या. त्या दिवसांत कांदा साठवायच्या चाळी बऱ्याचशा रिकाम्या असतात. कोकरांपुरता तरी आडोसा कुणाच्या चाळीत मिळेल, एवढं आधी ठरवून ठेवायला कसला निधी लागतो?

आणि वजन जास्त भरतं म्हणून माडग्याळ जातीच्या मेंढ्या आणायची घाई नको. दख्खनी मेंढी अंगाने लहान, पण रोजची पायपीट आणि निकस चारा सोसते.

पाण्याच्या कामासाठी गाजलेलं हिवरे बाजार तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे. लोक तिथले समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उतारावर आडवे खणलेले चर, आणि झाडी बघून परततात. तू पावसाळ्यानंतरचा पाण्याचा ताळेबंद समजून घे. गावातच पाऊस मोजतात, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी राखतात, उरेल त्यावर रब्बीची पिकं ठरवतात. उसाला, केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरला बंदी. एका वर्षी कमी पाऊस झाला तर शेजाऱ्याचं तोंड न बघता कांदा कमी लावायचा, हे मान्य करवून घेणं ठिबकपेक्षा अवघड आहे.

तिथली चराईबंदी मात्र डोळे झाकून उचलू नकोस. दावणीला चार गाई असणाऱ्याला कापून आणलेलं गवत पुरतं. शंभर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्याचं काय? ग्रामसभेत तो बोलत नाही, कारण बहुधा तेव्हा तो कोकणात असतो.

शेततळ्याबद्दल माझं मत कडू आहे. वाहून जाणारं पाणी अडवलं तर ठीक. विहिरीतून उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवलं, तर भूजल सगळ्यांचं असताना ते एकाच्या तळ्यात जातं आणि वर उन्हाने उडतं. मंजुरीच्या फायलीत पाणी कुठून येणार हे आधी वाच.

पेरणीचं फार सांगत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण महसूल मंडळातल्या यंत्राने टिपलेला पाऊस तुझ्या शिवारात पडलाच असेल असं नाही. शाळेत एक पर्जन्यमापक बसव, आकडा रोज फळ्यावर लिहायला लाव. बाजरीत तूर-मटकी घालायचं लोकांना तुझ्याआधीपासून कळतं.

चराईचा विषय निघणारी ग्रामसभा दिवाळीआधी लावून घे. आणि वाड्यांना निरोप स्वतः जाऊन दे, नोटीस फलकावर त्यांचं लक्ष जात नाही.

तुझा,
काका