हळदीच्या संयुगांची फाईल का अडकते

हिंगोलीहून प्रश्न आलाय: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी हळदीतली सुमारे दोनशे कंपाऊंड एक्सेलमध्ये भरली (नाव; कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक; स्माइल्स, म्हणजे रेणूची रचना अक्षरांच्या एका ओळीत), फाईल रेणूंचे गुणधर्म वर्तवणाऱ्या प्रेडिक्शन टूलला टाकली तर चाळीसेक ओळींना एरर. त्या उडवून पुढे जाऊ का?

उडवू नका. एरर आलेली ओळ निदान ओरडून तरी सांगते. माझा जीव खरा घाबरतो तो गुपचूप पास होणाऱ्या चुकीच्या ओळींना.

नांदेडला शिकत असताना मी स्वतः हा मार खाल्लाय. नावं अकारविल्हे लावायला सॉर्ट केलं, एक्सेलने 'बाजूचे कॉलम पण घेऊ का' असं विचारलं आणि मी घाईत नको म्हणालो. नावं हलली, स्माइल्स जागच्या जागी. सगळ्या ओळी पास, एक एरर नाही! आठवड्याने सरांनी रिझल्टमध्ये बोट ठेवलं: कर्क्युमिनचा रेणुभार २१६? तो ३६८.४ असतो, २१६ हा एआर-टर्मेरोन या हळदीतल्याच दुसऱ्या कंपाऊंडचा. अख्खा आठवडा पाण्यात. तेव्हापासून मी प्रत्येक फाईलमध्ये रेणुभाराचा एक कॉलम आधीच भरून ठेवतो आणि आउटपुटशी वजाबाकी करतो. शून्याच्या आसपास नाही आलं की ती ओळ उघडून बघायची.

तुलनेसाठी मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) घेतलंय म्हणालात, तिथंही हेच कामाला येईल. त्याच्या हायड्रोक्लोराइड क्षाराचं स्माइल्स चिकटवलं असेल तर मधे टिंब दिसेल आणि भार १२९.२ ऐवजी १६५.६ येईल. टिंबाच्या ज्या बाजूला क्लोराइडचा तुकडा असेल, तो टिंबासकट काढा.

आता तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये कॅस नंबरच्या जागी दिसणारी ती तारीख. डायक्लोरोमिथेन या द्रावकाचा कॅस नंबर ७५-०९-२. एक्सेलला तो २ सप्टेंबर १९७५ वाटला. मागाहून कॉलम टेक्स्ट केलात तर २७६३९ असा आकडा हाती येतो, मूळ नंबर परत येत नाही. म्हणून रिकामा कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग पेस्ट. यात तुमची एकटीची चूक नाही बरं का. एक्सेल जनुकांच्या नावांचीही अशीच तारीख करतं, आणि याच खोडीपायी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. कॅसचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. कर्क्युमिनचा ४५८-३७-७ घ्या: तो शेवटचा अंक सोडून उजवीकडून ७×१, ३×२, ८×३, ५×४, ४×५, बेरीज ७७, तिचा शेवटचा अंक ७, कॅसचाही ७. जमलं. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा लिहून खाली ओढा, टायपिंगच्या बहुतेक चुका तिथंच सापडतील.

स्माइल्स हाताने टाइप करू नका. कंसातला सी लिहिला की ऑटोकरेक्ट त्याचं कॉपीराइटचं गोल चिन्ह करून टाकतो. पबकेम या रसायनांच्या मोफत ऑनलाइन डेटाबेसमधून कॉपी करा, आणि त्यातली ॲटची चिन्हं कचरा समजून पुसू नका, ती त्रिमितीय रचना सांगतात. डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर बघणं) करणार असाल तर फारच महत्त्वाची.

नोटपॅडमध्ये हाताने सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे करणारी फाईल) केली असेल तर १,८-सिनिओलमधला स्वल्पविराम कॉलम फोडतो. असं नाव अवतरणचिन्हात ठेवा. 'स्माइल्स कॉलम सापडत नाही' असा एरर येत असेल आणि तो कॉलम पहिलाच असेल, तर यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना एक्सेल फाईलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण टाकतं, तिचा संशय घ्या. नावांचा कॉलम पुढे आणून बघा.

एक हळदीपुरतंच. कर्क्युमिन कुठे कीटो रूपात काढलेलं असतं, कुठे ईनॉल; रेणू तोच, फक्त एका हायड्रोजनची जागा वेगळी. दोन्हींचं स्माइल्स वेगळं, इंचीकी (रचनेवरून बनणारा ओळखीचा कोड) सुद्धा वेगळी, त्यामुळे डुप्लिकेट काढायचं बटण त्याला पकडत नाही. डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी या कर्क्युमिनच्या भावंडांचंही तेच. हे तिघे डोळ्यांनीच तपासा, एकच रूप ठरवा आणि कोणतं घेतलं ते रिपोर्टमध्ये लिहा.

आधी दहाच ओळी टाकून बघा. त्यातल्या दोन अशा असू द्या, ज्यांचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. आणि त्या अडकलेल्या चाळीस ओळींची फाईल इथं टाका, रात्री बघतो.